कोण करतं त्यांचं?

आजारी माणसाच्या बाबतीत मराठीत ‘करणं’ हे क्रियापद कर्माशिवाय चालतं. ‘सासूबाईंचं सगळं तीच करते.’ ‘नानांचं करायला आता घरात आहे कोण?’ काय करते, दिवसातून किती वेळा, त्यात उचलणं किती, धुणं किती, रात्री जागणं किती, हे वाक्यात येत नाही आणि ऐकणाराही विचारत नाही. बाकीचे शब्दही फारसे कामाचे नाहीत. ‘सेवा’ म्हटलं की पुण्य चिकटतं आणि तक्रारीचं तोंड बंद होतं. ‘उस्तवार’ म्हटलं की थोडी कुरकुर ऐकू येते. ‘काळजीवाहू’ तर वर्तमानपत्रांनी राजीनामा दिलेल्या मंत्रिमंडळांना बहाल करून टाकलाय. त्यातल्या त्यात ‘शुश्रूषा’ बरा. तो ‘श्रु’ धातूपासून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘ऐकायची इच्छा’ असा आहे. चाकरी हा अर्थ मागून लागला. पण तो शब्द आता दवाखान्यांच्या पाट्यांवर राहायला गेला आहे.

हा काथ्याकूट अशासाठी, की मदत मागायची तर कामाला नाव लागतं. मुंबईत मदत नाही असं म्हणता येणार नाही. ती आहे, पण विखुरलेली, आणि जवळजवळ सगळी रुग्णाच्या नावावर. केसपेपर रुग्णाचा, कार्ड रुग्णाचं, अनुदान रुग्णाच्या खात्यात. करणारी व्यक्ती त्या कागदांवर असलीच तर ‘सोबतचे नातेवाईक’ या रकान्यात, एका मोबाइल नंबरपुरती.

केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ सालात लोकांचा वेळ कुठे जातो याची पाहणी केली. १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के जणी घरातल्या कुणाचं ना कुणाचं करत होत्या, दिवसाला साधारण १४० मिनिटं. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आणि वेळ ७४ मिनिटं. यात मुलांचं करणंही धरलेलं आहे. अर्धांगवायू झालेल्या माणसाचं सगळं करायचं असेल तर १४० मिनिटं सकाळचे नऊ वाजायच्या आत संपतात.

कायद्याने या व्यक्तीची दखल घेतलीच नाही असंही नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजी घेणाऱ्याची व्याख्या आहे, आणि त्यात आईवडील, घरची माणसं आणि ‘मोबदला घेऊन किंवा न घेता’ हे शब्द आहेत. कलम २४ मध्ये, ज्यांना फार आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख आहे. पण तोही द्यायचा दिव्यांग व्यक्तीलाच. इंग्लंडमध्ये २०१४च्या केअर ॲक्टनुसार करणाऱ्या माणसाला स्वतःची वेगळी पाहणी मागता येते: तुम्हाला काय झेपतंय, काय नाही. एप्रिल २०२४पासून तिथे नोकरदाराला यासाठी वर्षाला आठवडाभर बिनपगारी रजाही हक्काने मिळते. आपल्याकडे केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना आणि एकट्या पुरुष पालकांना अपत्यसंगोपनाची ७३० दिवसांची रजा आहे, मूल दिव्यांग असेल तर त्याच्या वयाची अट नाही. खासगी कंपनीत मात्र सासऱ्यांच्या पक्षाघातासाठी अशी कायद्याची रजा नाही. तिथे साहेबाचा स्वभाव हाच कायदा.

म्हणून मदत मिळवायची ती तुकड्यातुकड्यांनी. पहिला तुकडा डिस्चार्जच्या दिवशी हातात येतो, आणि तोच सगळ्यात जास्त वेळा निसटतो. त्या दिवशी घरचे बिलाच्या खिडकीपाशी, विम्याच्या मंजुरीची वाट बघत, ॲम्ब्युलन्सवाल्याशी घासाघीस करत. सिस्टर दोन मिनिटांत नळीचं सांगते आणि सगळे मान डोलावतात. हे शिकणं एक दिवस आधी मागून घ्यावं. आणि मागायची पद्धत अशी: सिस्टरने करून दाखवू नये, तुम्ही करावं आणि तिने बघावं. कूस बदलणं, नळीतून भरवणं, युरोबॅग म्हणजे लघवीची पिशवी रिकामी करणं, खुर्चीत बसवणं, प्रत्येक गोष्ट एकदा तरी स्वतःच्या हाताने तिच्यासमोर झाली पाहिजे. मग एका कागदावर लिहून घ्यायचं: कुठली नळी कुठल्या तारखेला घातली, कधी आणि कुठे बदलायची, नाकातल्या नळीवरची खूण नाकपुडीशी किती सेंटिमीटरवर आहे, कुठल्या गोळ्या कुटून चालत नाहीत, आणि कुठल्या लक्षणाला फोनाफोनी न करता सरळ कॅज्युअल्टी गाठायची. डिस्चार्ज कार्डावर यातलं निम्मंही नसतं.

समाजसेवा विभागात मात्र त्याच्याही आधी, ॲडमिशन होतानाच डोकावून यायचं. केईएम, सायन, नायर, कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत तो असतोच, ट्रस्टच्या रुग्णालयांतही वैद्यकीय समाजसेवक असतात. ट्रस्टच्या रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१-एए खाली मुंबई उच्च न्यायालयाने ठरवून दिलेली योजना लागू आहे: १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत. निर्धन म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. शिधापत्रिका किंवा तहसीलदाराचा दाखला लागतो. हे ॲडमिशनच्या वेळी सांगायचं. बिल हातात पडल्यावर सांगितलं की समोरचा माणूस फाइल बाजूला ठेवतो. महात्मा फुले जनआरोग्य योजना असो की सत्तरीच्या पुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड, दोन्हींत ५ लाखांपर्यंतचं छत्र आहे, पण ते रुग्णालयातल्या उपचाराचं. रुग्णाजवळ पगारावर ठेवलेली मावशी, डायपर, एअर बेडचं भाडं त्यात बसत नाही, आणि खिसा रिकामा होतो तो त्यानेच.

आता घर. मुंबईचं घर आजारी माणसासाठी बांधलेलं नसतं. जुन्या चाळीत आणि कित्येक सोसायट्यांत न्हाणीघराचा दरवाजा दोन फुटांचा, आणि साधी व्हीलचेअर दोन फुटांहून थोडी रुंदच. म्हणून खरेदीच्या आधी टेप घेऊन दरवाजा मोजायचा, चौकटीच्या आतून. मोठ्या चाकांची व्हीलचेअर आत जाणार नसेल तर लहान चाकांची कमोड खुर्ची जाते, तीवर आंघोळही होते. काहीही विकत घेण्याआधी भाड्याने किंवा अनामत ठेवून मिळतं का ते पाहावं. दादर, गिरगाव, पार्ले, ठाणे, डोंबिवली भागांत मंडळं आणि ट्रस्ट फाउलर बेड (कळ फिरवून डोक्याकडून वर करता येणारा पलंग), व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची नाममात्र भाड्याने देतात. ‘रुग्णोपयोगी साहित्य’ या नावाने चौकशी केली की पत्ता लागतो. गल्लीतला औषधवालाही सांगतो. फाउलर बेडची कळ पायाकडे असते, तिथे भिंत आली तर रोज पलंग ओढावा लागतो. पलंग भिंतीला चिकटवू नये, दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहील इतकी जागा ठेवावी. दहा बाय बाराच्या खोलीत हे म्हणजे कपाट बाहेर काढणं आलं. काढावं. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नसेल तर १०८ला फोन करायच्या वेळी शोधाशोध नको, खाली न्यायला हात लावणारे चार जण आणि त्यांचे नंबर आधीच ठरलेले असावेत.

पडून राहून होणाऱ्या पाठीच्या जखमेवर थोडं थांबू, कारण घरी झालेल्या नुकसानात तिचा वाटा मोठा असतो आणि तिच्यासाठी करणाऱ्यालाच दोष मिळतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. पूर्ण कुशीवर नको, साधारण ३० अंश कलतं ठेवून पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी, आणि टाचा गादीला टेकणार नाहीत अशी पोटऱ्यांखाली एक. रोज आंघोळीच्या वेळी माकडहाड, नितंबांची हाडं, टाचा, घोटे, डोक्याची मागची बाजू बघायची. लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा. दाबल्यावर पांढुरका होऊन पुन्हा लाल झाला तर वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर ती जखमेची सुरुवात, त्या जागेवर आता भार टाकायचा नाही. तिथे तेल लावून चोळू नये, आतली कातडी आधीच दुखावलेली असते. रबरी रिंगवर बसवू नये; मधली जागा सुटते पण रिंगच्या कडेवर दाब येऊन रक्त अडतं. एअर बेड घेतला तर त्यावर एकच चादर, कारण चार घड्यांची गोधडी घातली की हवेच्या फुग्यांचा काही उपयोग उरत नाही. आणि एअर बेड असला तरी कूस बदलायचीच. दुकानदार हे सांगत नाही.

मुंबईच्या दमटपणाचा हिशेब वेगळा करावा लागतो. पावसाळ्यात डायपरखाली बुरशीचा चट्टा दोन दिवसांत उठतो. टाल्कम पावडर घामात भिजून तिचा लगदा होतो आणि घडीत बसतो, म्हणून ती नको. जागा कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडी करायची आणि झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावायचं. दिवसातून एक-दोन तास डायपर काढून नुसत्या अंडरपॅडवर ठेवता आलं तर उत्तम. रबरी मॅकिंटॉश, म्हणजे गादी भिजू न देणारं कापड, लागतोच, पण त्याच्यावर सुती आडवी चादर हवी, खांद्यापासून मांड्यांपर्यंत पोचेल अशी. हॉस्पिटलात तिला ड्रॉ शीट म्हणतात. ती दोन्ही बाजूंनी गुंडाळून धरली की दोघांना माणूस न घसटता वर सरकवता येतो. काखेत हात घालून ओढलं की रुग्णाची कातडी आणि ओढणाऱ्याची कंबर, दोन्ही जातात.

कंबर. या कामात पहिली जाते ती हीच. पक्षाघाताच्या माणसाला खुर्चीत बसवायचं तर खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला, पलंगाला तिरकी लावायची, ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करायच्या. त्याला पलंगाच्या कडेला आणून दोन्ही पाय जमिनीला टेकवून मिनिटभर बसू द्यायचं, चक्कर जाऊ द्यायची. तुमचे गुडघे वाकलेले, पाठ सरळ, तुमचा एक गुडघा त्याच्या लुळ्या गुडघ्याला अडवून. पकड कमरेच्या पट्ट्याला. लुळा हात धरून कधीच ओढायचं नाही, खांदा सुटतो आणि ते दुखणं वर्षानुवर्षं जात नाही. ‘एक, दोन, तीन’ मोठ्याने म्हणायचं, कारण उठायच्या क्षणी त्यानेही जोर लावायचा असतो.

नाकातल्या नळीचं भरवणं शिकायला सोपं, चुकायलाही सोपं. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, भरवल्यावरही अर्धा ते एक तास तशीच. आडवं ठेवून भरवलं की अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. दर वेळी आधी नाकपुडीशी खूण बघायची. सरकलेली असेल तर भरवायचं नाही. एका वेळी २०० ते २५० मिलि, १५-२० मिनिटं घेऊन, ५० मिलिची सिरिंज धरून स्वतःच्या वजनाने उतरू द्यायचं, दट्ट्या दाबायची घाई नको. आधी आणि नंतर ३० ते ५० मिलि पाणी. मिक्सरमधली खिचडी गाळून घ्यायची, एरवी नळी चोंदते. त्याहून जास्त वेळा ती गोळ्यांनी चोंदते: प्रत्येक गोळी वेगळी कुटून, पाण्यात विरघळवून, मध्ये पाणी सोडून द्यायची. हळूहळू सुटणाऱ्या आणि आतड्यात विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्याच नाहीत, डॉक्टरांकडून पर्याय मागायचा. खोकला आला, चेहरा निळसर झाला, तर तिथेच थांबायचं. लघवीच्या पिशवीचं एवढंच: ती कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता, आणि दोन-तृतीयांश भरली की रिकामी.

मावशी. माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडे गेलात तर ‘मावशी’, ‘अटेंडंट’, ‘नर्स’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि भांडणं तिथेच सुरू होतात. नळीतून भरवणं, सक्शन (यंत्राने कफ ओढून काढणं), इंजेक्शन हे शिकलेल्या नर्सचं काम. मावशीला ते करायला लावणं दोघांनाही महागात पडतं. ब्युरोला लेखी विचारायचं ते असं: ड्युटी बारा तासांची की चोवीस, सुट्टीच्या दिवशी बदली कोण देणार, मावशी आठवड्यात सोडून गेली तर कमिशन परत की दुसरी मावशी, ओळखपत्राची प्रत आणि पोलीस पडताळणी. चोवीस तासांची मावशी म्हणजे चोवीस तास जागी मावशी, असा समज करून घेतला की महिन्याभरात ती निघून जाते. तिला सलग झोप, जेवण आणि अंग टाकायला स्वतःची जागा लागते. रात्री दोनदा उठवायचं असेल तर दुपारचे तीन तास तिचे. गणपतीत आणि मे महिन्यात कोकणातल्या मावश्या गावाला जाणार हे कॅलेंडरवर जानेवारीतच लिहून ठेवावं. ऐनवेळी संतापून काही मिळत नाही. गोळ्यांच्या पट्ट्या घरच्यांच्या ताब्यात राहाव्यात, विशेषतः झोपेच्या. आणि आजोबा चिडले की हात उगारतात, रात्री कपडे काढून टाकतात, हे पहिल्याच दिवशी सांगावं. लपवलेलं तिसऱ्या दिवशी कळतंच.

मावशी परवडत नाही, किंवा परवडूनही ती पुरत नाही, अशांसाठी संस्था आहेत. पण रोगाचं नाव धरून शोधाव्या लागतात. पार्किन्सन्स असेल तर पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी मुंबईत बऱ्याच ठिकाणी मोफत गट भरवते. व्यायाम रुग्णाचा होतो, पण खरी देवाणघेवाण बाजूच्या खुर्च्यांवर बसलेल्या बायकांची आणि नवऱ्यांची असते: गोळीची वेळ आणि जेवणातलं प्रथिन यांचं गणित कुणी कसं बसवलं, कुठल्या चपला घसरत नाहीत. स्मृतिभ्रंशासाठी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटीची मुंबई शाखा आहे आणि डिग्निटी फाउंडेशनने दिवसाची केंद्रं चालवली आहेत. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी १९७२ सालापासून काम करणारी, पूर्वीची स्पॅस्टिक्स सोसायटी, आताची अडॅप्ट, वांद्र्याला. कृत्रिम अवयव, कॅलिपर, पुनर्वसनासाठी हाजी अलीची केंद्र सरकारी संस्था. बाहेरगावहून टाटा रुग्णालयात आलेल्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा माहीत असतेच.

पॅलिएटिव्ह केअर हा शब्द ऐकला की घरात रडारड सुरू होते. ‘म्हणजे आता काही उरलं नाही का?’ असा अर्थ काढायचं कारण नाही. दुखणं, धाप, मळमळ, झोप यांचा बंदोबस्त करणारी ही शाखा उपचार चालू असतानाही मागता येते आणि ती घरच्यांना शिकवतेही. टाटा रुग्णालयात हा विभाग आहे, घरी येऊन काम करणारी पालकेअर ही संस्था मुंबईत आहे, आणि वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन १९८६पासून बळावलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना विनामूल्य ठेवून घेतं. देशातलं ते पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणारं ठिकाण. घरचे तिथे शेवटच्या चार दिवसांत पोचतात. चार आठवडे आधी पोचले असते तर रुग्णाइतकीच करणारीचीही वेदना कमी झाली असती, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशांचं झटपट सांगायचं तर: दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र आधी काढावं, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो. ८० टक्के आणि वरच्यांचं कार्ड निळं, ४० ते ८० मधलं पिवळं. पार्किन्सन्स कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांत आहे; डिमेन्शिया हे नाव त्या यादीत स्वतंत्रपणे नाही, म्हणून प्रमाणपत्रासाठी जाताना डॉक्टरांशी आधी बोलून जावं. संजय गांधी निराधार योजनेत पात्र दिव्यांगांचं अनुदान आता महिना २,५०० रुपये झालं आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या आणि २ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. कमोड खुर्ची निघते त्यात. करणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर काही मिळतं ते आयकरात. १९६१च्या कायद्यातली ८०-डीडी ही वजावट अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी ७५ हजार, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. खर्च कितीही झालेला असो, रक्कम ठरलेली. ८०-डीडीबीत कर्करोग, डिमेन्शिया, पार्किन्सन्स अशा ठरावीक आजारांच्या खर्चासाठी ४० हजारांपर्यंत, रुग्ण ज्येष्ठ असेल तर १ लाखापर्यंत, मज्जासंस्थेच्या आजारांत दिव्यांगत्व किमान ४० टक्के हवं. दोन्ही जुन्या करपद्धतीतच. नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, त्यामुळे सीएला आकड्याऐवजी आजाराचं नाव सांगावं.

कागदांपैकी एका गैरसमजाने घरं अडकलेली असतात: कुलमुखत्यारपत्र. ‘बाबांनी मला पॉवर ऑफ ॲटर्नी दिलीय’ असं म्हणत मुलगा निश्चिंत असतो. बाबांचं मन शाबूत असेपर्यंतच ती चालते. १८७२च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याची बुद्धी चळली की मुखत्यारी संपते, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हा ती हातात नसते. त्यानंतर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून डिमेन्शियाचं निदान झाल्याबरोबर, सही आणि समज शाबूत असतानाच, खातं ‘दोघांपैकी कुणीही’ पद्धतीने संयुक्त करणं, नामांकनं तपासणं, मृत्युपत्र करणं उरकून घ्यावं. समज आहे पण सही जमत नाही अशांसाठी बँकेत वाट आहे: रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे हाताचा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. सत्तरीच्या पुढच्यांना बँकेने घरी येऊन मूलभूत सेवा द्याव्यात असंही २०१७ सालापासून सांगितलेलं आहे. शाखेत ‘असं काही नाही’ म्हणाले तर लेखी उत्तर मागायचं. आवाज लगेच बदलतो. पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरून देता येतो, किंवा पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत करून देतो.

मानसिक आजाराच्या रुग्णाला २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार साध्या कागदावर, सहीने किंवा अंगठ्याने, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. करणाऱ्याचं नाव कायद्याने कागदावर येण्याची ही सगळ्यात स्वस्त जागा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असलेलं मूल १८ वर्षांचं झालं की आईवडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो: कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत राहणाऱ्यांनी फोर्टला, उपनगरातल्यांनी वांद्रे पूर्वेला. त्याच ट्रस्टची निरामय ही १ लाखाची विमा योजना थेरपीचाही काही खर्च देते, आणि तिच्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. आणि शेवटच्या आजारात यंत्रांवर ठेवू नका, असं ज्यांना लिहून ठेवायचंय त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. ती प्रत सांभाळायला मुंबई महापालिकेने विभागवार अधिकारी नेमलेत. हे लिहिलेलं असलं की व्हेंटिलेटरच्या फॉर्मवर सही करताना मुलीचा हात एकटा नसतो.

उरली ती करणारी स्वतः. तिला कुणी विचारलंच तर ‘तू कशी आहेस?’ असं विचारतात, आणि त्याचं उत्तर ‘बरी आहे’ असंच असतं. प्रश्न मोजता येण्यासारखा हवा. सलग किती तास झोपलीस? स्वतःच्या बीपीची गोळी काल घेतलीस का? घराबाहेर, औषधाच्या दुकानापलीकडे, शेवटची कधी गेलीस? करणाऱ्यावरचा ताण मोजायला डॉक्टरांकडे झॅरिट नावाची २२ प्रश्नांची प्रश्नावली असते, प्रत्येकाला ० ते ४ गुण. ती मागावी. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर दिवसरात्र, मराठीत, फुकट बोलता येतं, आणि ते फक्त रुग्णासाठी नाही. ज्येष्ठांच्या योजना, छळ, आसरा यांची चौकशी १४५६७वर सकाळी आठ ते रात्री आठ.

नातेवाइकांची मदतही मोजून मागावी. ‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्या वहिनींना लगेच सांगायचं: बुधवारी चार ते सात, बसायला या. न्यू जर्सीतल्या भावाला औषधांची ऑर्डर, विम्याचे कागद, आयकराची वजावट आणि शनिवार रात्रीच्या नर्सचे पैसे, एवढं त्याच्या नावावर लावून द्यायचं. ही कामं माणूस उचलण्यासारखी नाहीत, ती तिथून होतात. आणि तो दिवाळीत येऊन ‘बाबा किती वाळलेत’ म्हणाला, तर पुढच्या तीन रात्री त्याच्याकडे.

यातली कुठलीही मदत आत यायची तर करणारीच्या डोक्यातलं सगळं आधी एका पानावर उतरावं लागतं. ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचं. वर रुग्णाचं नाव, वय, आजार, ॲलर्जी. मग गोळ्या, वेळांसकट. कूस बदलायच्या वेळा, नळीची तारीख, चष्मा आणि कवळी कुठे ठेवलीय, कुठल्या कुशीवर दुखतं. डॉक्टर, ॲम्ब्युलन्स, वर राहणाऱ्या काकांचा नंबर. चिडले तर काय बोलल्याने शांत होतात. आणि तळाला, त्याच अक्षरात, करणारीचं पूर्ण नाव, रक्तगट, तिच्या स्वतःच्या गोळ्या, आणि बुधवार चार ते सात या वेळेत तिला फोन करायचा नाही ही सूचना.